चांगली कॉफी कोठें मिळते व ती कशी ओळखावी

मराठवाड्यांतील घरांत चहा हा घरचाच माणूस आहे. कॉफी मात्र अद्यापि पाहुणी आहे. जालना शहरांत काय, किंवा अंबड, परतूर, भोकरदन यांसारख्या गांवीं काय, कॉफी होते ती उपासाच्या दिवशीं, परीक्षेच्या जागरणाला, नाहीं तर कोणी चहा न घेणारा गृहस्थ दारीं आला म्हणजे. दूध उकळावें, त्यांत साखर, चिमूटभर जायफळ व वेलदोड्याची पूड घालावी आणि शेवटीं डब्यांतील तपकिरी पूड टाकावी, ही तिची ठराविक रीत. या पेयाला स्वतःची गोडी आहे आणि त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांत बोलतें तें दूध, बोलते ती साखर आणि बोलतें तें जायफळ; कॉफी आपली पडद्याआड बसून राहते.

अलीकडील दहापंधरा वर्षांत मात्र निराळ्या प्रतीची कॉफी या घरांत येऊं लागली आहे. पुण्यामुंबईस नोकरी करणारा मुलगा सुटीवर येतांना ती आणतो, किंवा सून टपालानें मागवते. पाव किलोच्या पिशवीस पांचशें रुपयांच्या आगेमागें, केव्हां त्याहूनहि अधिक किंमत पडते. पिशवीवर मळ्याचें नांव, डोंगराची उंची आणि ‘संत्रें, गूळ, बदाम’ अशा चवींची यादी असते. वडील मंडळी एक घोट घेतात, आंबट किंवा कडू लागली म्हणून पेला खालीं ठेवतात, आणि ‘हीं सारीं श्रीमंतीचीं सोंगें’ असा निकाल देतात. हा निकाल कधीं खरा असतो, तर कधीं अन्यायाचा असतो. शिळी, करपलेली किंवा चुकीच्या रीतीनें केलेली कॉफी महाग घेतली म्हणून चांगली होत नाहीं. आणि खरोखर चांगली कॉफी एका घोटांत ओळखूं येतेच असेंहि नाहीं. तेव्हां पैसे खर्च करण्यापूर्वीं चांगली कॉफी भाजणारा कसा शोधावा आणि या विषयाचें ज्ञान कोठून मिळवावें, याचा विचार करणें हिताचें आहे.

कॉफी हें मुळांत एका फळाचें बी आहे. हें फळ बोरासारखें असून पिकल्यावर लालभडक होतें, आणि त्याच्या आंत बहुधा दोन दाणे एकमेकांस पोट लावून बसलेले असतात. सतराव्या शतकांत बाबा बुदन नांवाच्या सत्पुरुषानें अरबस्तानांतील मोखा बंदराकडून सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावले, अशी दंतकथा आहे. त्या डोंगरास आजहि बाबाबुदनगिरी म्हणतात. आज देशांतील सुमारें ७० टक्के कॉफी कर्नाटकांत होते. उरलेली मुख्यतः केरळ व तमिळनाडु येथें, आणि थोडी आंध्र प्रदेशांतील अराकू खोऱ्यांत व इतरत्र. महाराष्ट्रांत या पिकाचें प्रसिद्ध ठिकाण म्हणजे अमरावती जिल्ह्यांतील चिखलदरा. समुद्रसपाटीपासून सुमारें १,१०० मीटर उंचीवरील त्या थंड पठारावर कॉफीचीं झाडें आहेत. पण तें उत्पन्न देशाच्या मानानें अगदींच अल्प. जालना जिल्ह्याची काळी जमीन, वैशाखांतील ऊन आणि बेभरंवशाचा पाऊस या झाडास मानवत नाहीं. त्याला मोठ्या वृक्षांची सावली व डोंगराचा गारवा लागतो. त्यामुळें जालन्याच्या गिऱ्हाइकास दाणा दुरूनच आणवावा लागतो, आणि दुरून आणावयाच्या वस्तूची पारख अधिक काळजीनें करावी लागते.

या झाडाच्या दोन जाती व्यापारांत महत्त्वाच्या आहेत: अरेबिका व रोबस्टा. अरेबिका उंचावर वाढते, रोगास लवकर बळी पडते, आणि तिच्यांत सुगंध व फळासारखी आंबटगोड चव अधिक असते. रोबस्टा सखल प्रदेशांत वाढते, ती काटक असते. तिची चव जड व कडवट, आणि तिच्यांत कॅफीनचें प्रमाण अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून रोबस्टा वाईट असें समजूं नये. निगुतीनें काढलेली रोबस्टा दुधांत उत्तम लागते, आणि निष्काळजीपणानें वाळवलेली अरेबिका कोणत्याहि पेल्यांत वाईटच लागते.

येथें असा प्रश्न येतो कीं, कॉफी जर एवढीं शतकें या देशांत पिकत आहे, तर मळ्याच्या नांवाची कॉफी गिऱ्हाइकास आतां कोठें दिसूं लागली, हें कसें? याचें उत्तर व्यापाराच्या इतिहासांत आहे. दुसऱ्या महायुद्धांत युरोपची बाजारपेठ बंद झाली आणि मळेवाले बुडूं लागले. त्यांना सांवरण्यासाठीं १९४२ सालीं कायदा झाला व कॉफी बोर्डाच्या हातीं विक्री आली. प्रत्येक मळेवाल्यानें आपला माल बोर्डाच्या सामाईक सांठ्यांत घालावा, बोर्डानें तो लिलावानें विकावा आणि पैसे हप्त्यांनीं वांटून द्यावे, अशी ती व्यवस्था होती. तिनें लहान शेतकऱ्यास आधार दिला यांत शंका नाहीं. परंतु एकदां दाणा सामाईक सांठ्यांत पडला कीं तो कोणाचा, कोणत्या उतारावरचा, हें पुसलें जाई. ज्यानें प्रत्येक फळ पिकल्यावर हातानें तोडलें त्याचें आणि ज्यानें कच्चींपक्कीं एकदम ओरबाडलीं त्याचें नांव सारखेंच नाहींसें होई. १९९२ पासून हें बंधन टप्प्याटप्प्यानें सैल झालें आणि १९९६ सालीं मळेवाल्यास आपला सारा माल स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. मळ्याचें नांव पिशवीवर येणें तेव्हांपासून सुलभ झालें. परंतु त्याबरोबर पारख करण्याची जबाबदारीहि गिऱ्हाइकावर आली.

‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्द आज पुष्कळ दुकानांच्या पाटीवर दिसतो. तो एर्ना क्नुत्सेन या बाईंनीं १९७४ सालीं अमेरिकेंतील एका व्यापारी मासिकांत वापरला आणि पुढें रूढ झाला. विशिष्ट भूमींत व हवामानांत विशिष्ट चवीचा दाणा तयार होतो, हें त्यामागील तत्त्व. पुढें या धंद्यांतील संस्थांनीं परीक्षेची पद्धत ठरविली. शिकलेले परीक्षक कॉफी चाखून सुगंध, चव, आंबटपणा, गोडी, स्वच्छता इत्यादि गोष्टींना गुण देत. १०० पैकीं ८० वा अधिक गुण मिळाले तरच ती ‘स्पेशालिटी’, असा दंडक अनेक वर्षें होता. अलीकडे या पद्धतींत फेरफार झाले असले तरी ८० हा आंकडा लोकांच्या तोंडीं कायम आहे. हे गुण कच्च्या दाण्याचे असतात, हें मात्र विसरूं नये. ८६ गुणांचा दाणा भट्टींत करपविला किंवा सहा महिने फडताळांत ठेवला, तर त्याचे गुण पेल्यांत उतरत नाहींत.

पिशवी वाचणें ही पारखीची पहिली पायरी होय, आणि ही विद्या जालन्यास नवी नाहीं. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि हें शहर बियाण्यांच्या धंद्यासाठीं देशभर ओळखलें जाऊं लागलें. येथील शेतकरी बियाण्याची पिशवी घेतांना तिच्यावरील चित्र पाहत नाहीं. तो जात, लॉट क्रमांक, चांचणीची तारीख आणि उगवणशक्तीचा टक्का पाहतो. कॉफीचा दाणाहि बीच आहे. तेव्हां ज्या घरांत कपाशीची पिशवी वाचून घेतली जाते, त्या घरांत कॉफीची पिशवी न वाचतां घेतली जावी, हें योग्य नव्हे.

पिशवीवर प्रथम पाहावी ती भाजल्याची तारीख. ‘अमुक महिन्यापर्यंत वापरावी’ एवढेंच लिहिलें असेल तर तेवढ्यावर विसंबूं नये. त्यावरून कॉफी केव्हां भाजली हें कळत नाहीं. भाजल्यानंतर दाण्यांतून कांहीं दिवस कर्बवायु बाहेर पडत असतो. त्यासाठींच चांगल्या पिशवीस एक लहानशी झडप ठेवलेली असते. साधारणपणें आठवड्यानंतर चव बसते आणि पुढें चारपांच आठवडे ती चांगली राहते. दळलेल्या पुडीचा सुगंध मात्र फारच लवकर उडतो. म्हणून दाणे घेऊन लागतील तेवढेच दळावे. घरीं दळण्याची सोय नसेल तर आठदहा दिवस पुरेल एवढीच पूड घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे ठिकाण. केवळ ‘उत्कृष्ट भारतीय कॉफी’ हें कांहींच न सांगण्यासारखें आहे. जिल्हा, मळा किंवा शेतकऱ्यांची सहकारी संस्था, आणि हंगामाचें वर्ष दिलेलें असावें. २०१९ सालीं कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी व अराकू येथील अरेबिकास आणि वायनाडच्या रोबस्टास भौगोलिक मानांकन मिळालें. जालन्याच्या मोसंबीस तें मिळालेलें असल्यामुळें त्याचा अर्थ येथें कोणास समजावून सांगावयास नको. तिसरी गोष्ट जात. भारतांत एस ७९५, सिलेक्शन ९, चंद्रगिरी अशीं नांवें आढळतात. चवथी गोष्ट फळांतून दाणा कसा काढला ती. गर धुऊन काढून वाळवलेल्या दाण्याची चव स्वच्छ व हलकी असते. अख्खें फळ वाळवून मग दाणा काढला तर गोडी व फळाचा वास अधिक येतो. भारतीय व्यापारांत धुतलेल्या अरेबिकास ‘प्लँटेशन’ व फळासकट वाळवलेल्या अरेबिकास ‘चेरी’ म्हणतात. ‘प्लँटेशन ए’ यांतील ‘ए’ हें अक्षर पाहून पुष्कळांस तो पहिला वर्ग वाटतो. वस्तुतः तें दाण्याच्या आकाराचें चिन्ह आहे, चवीचें नव्हे.

पांचवी गोष्ट चिकोरी. ही एका झाडाची भाजलेली मुळी असून तिच्यामुळें रंग व दाटपणा येतो. दक्षिणेंत फिल्टर कॉफींत ती आवडीनें घालतात, आणि त्यांत फसवणूक नाहीं. कारण मिश्रणांत कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे व दोहोंचें प्रमाण पिशवीवर छापलें पाहिजे, असा कायदा आहे. तें प्रमाण वाचावें म्हणजे कॉफीच्या भावानें चिकोरी विकत घेतली जाणार नाहीं. आणि ‘संत्रें, गूळ, बदाम’ ही यादी म्हणजे त्या वस्तु आंत घातल्या आहेत असें नव्हे. चाखणाऱ्यास त्या चवींची आठवण झाली, एवढाच तिचा अर्थ. हापूसचें वर्णन करतांनाहि माणसें केशराचें नांव घेतातच.

आतां भाजणाऱ्याकडे वळूं. इंग्रजींत त्याला रोस्टर म्हणतात आणि मराठींतहि तोच शब्द रूढ होत आहे. कच्चा दाणा हिरवट, कठीण व वासाला गवतासारखा असतो. भट्टींत तो प्रथम पिंवळा पडतो, मग तपकिरी होतो, आणि सुमारें १९५ ते २०० अंश उष्णतेस त्यांतून लाह्या फुटल्यासारखा तडतडाट ऐकूं येतो. ही पहिली तडतड. तिच्यानंतर लवकरच उतरविला तर हलकी भाजणी. थोडा वेळ ठेवला तर मध्यम. दुसऱ्या तडतडीपर्यंत नेला तर काळपट व तेलकट. शंभर ग्रॅम दाण्यांचे भाजल्यावर साधारण ८५ ग्रॅम उरतात. शेंगदाणे भाजतांना घरांतील बाईला एका क्षणाचा उशीर कसा भोंवतो हें माहीत असतें, येथेंहि तसेंच. हलक्या भाजणींत मळ्याची चव राहते, पण अपुरी भाजली तर ती कच्च्या गवतासारखी लागते. काळ्या भाजणींत मळ्याची चव जाऊन भट्टीची चव येते, आणि वाईट दाण्याचे दोषहि झांकले जातात. दुधाची कॉफी पिणाऱ्या घरानें मध्यम किंवा किंचित् गडद भाजणी घ्यावी. सर्वांत हलकी भाजणी आरंभीं घेतली तर ती आंबट लागून निराशा होण्याचाच संभव अधिक.

असे भाजणारे आज देशांत बरेच आहेत. दिल्लीस २०१३ सालीं सुरू झालेली ब्लू टोकाई, मुंबईची २०२० सालीं निघालेली सबको व तेथीलच के. सी. रोस्टर्स, बंगलोरची ब्लॅक बाझा, आणि विदर्भांत नागपूरची कॉरिडॉर सेव्हन हीं त्यांपैकीं कांहीं नांवें. अराकू खोऱ्यांतील आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी तर २०१७ सालीं पॅरिसमध्यें स्वतःच्या दुकानांत विकली जाऊं लागली. नांव दिलें म्हणजे शिफारस केली असें समजूं नये. भाजणारा चांगला कीं नाहीं हें त्याला पत्रानें वा दूरध्वनीनें तीन प्रश्न विचारून बरेंचसें कळतें: हा माल कोणत्या तारखेस भाजला? दाणा कोणत्या मळ्याचा व कोणत्या हंगामाचा? आणि दूध घालून पिणाऱ्यास यांतील कोणता घ्यावा? जो सरळ उत्तर देतो, आणि क्वचित् ‘आपल्याला हा महाग दाणा नको, तो स्वस्त घ्या’ असें सांगतो, त्याच्याकडे पुन्हां जावें. आरंभीं मोठी पिशवी घेऊं नये; दोन निरनिराळे लहान नमुने घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत पार्सल उन्हांत तापतें, म्हणून त्या दिवसांत थोडथोडेंच मागवावें, आणि आल्यावर घट्ट झांकणाच्या डब्यांत, चुलीपासून दूर ठेवावें.

किंमतीचा हिशेबहि करून पाहावा. एका मोठ्या पेल्यास १५ ग्रॅम पूड लागते. पाव किलोंत सोळा पेले होतात. पिशवी पांचशें रुपयांची असेल तर पेला सुमारें एकतीस रुपयांस पडला. रोजच्या चहापुढें हा खर्च थोडा नव्हे, आणि तो प्रत्येक घरानें करावाच असेंहि नाहीं. पण जें घर तो करतें त्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे.

हा मोबदला पुष्कळदां पाण्यापायीं बुडतो. पेल्यांत ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असतें. दख्खनच्या काळ्या पाषाणांतील विहिरीचें व बोअरचें पाणी बहुधा जड असतें; त्यांतील क्षार कॉफीचा आंबटपणा मारून टाकतात आणि चव सपाट होते. उलट यंत्रानें गाळून सर्वच क्षार काढलेल्या, जारमधील पाण्यांतहि चव नीट उतरत नाहीं. दोन्ही पाणी निम्मेंनिम्म मिसळून एकदां करून पाहावें. फरक जिभेला लगेच कळतो. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून ओतावें. २५० मिलिलीटर पाण्यास १५ ग्रॅम, हें प्रमाण तराजूनें मोजून घ्यावें. चमच्याच्या अंदाजावर राहूं नये. कॉफी आंबट व पातळ झाली तर पूड अधिक बारीक करावी. कडू व तुरट झाली तर जाडसर करावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशामुळें काय झालें तें समजतें.

आतां शिक्षणाविषयीं. या विषयाची पहिली शाळा घरचें स्वयंपाकघर हीच होय. धंद्यांतील परीक्षक जें ‘कपिंग’ करतात तें कोणासहि करतां येतें. सारख्या आकाराचे तीन पेले घ्यावे. प्रत्येकांत जाडसर दळलेली ८ ग्रॅम पूड घालून १५० मिलिलीटर कढत पाणी ओतावें. चार मिनिटांनीं वर आलेला थर चमच्यानें मोडून वास घ्यावा, फेंस काढून टाकावा, आणि जरा निवल्यावर चमच्यानें घोट घ्यावा. दोन पेल्यांत एकच कॉफी व तिसऱ्यांत निराळी घालून, निराळी कोणती तें घरांतील मंडळींस न सांगतां ओळखावयास लावावें. पहिल्या आठवड्यांत पुष्कळ चुकतात. महिन्याभरांत मुलेंहि ओळखूं लागतात. शब्द नंतर शिकतां येतात. फरक ओळखणें आधीं आलें पाहिजे.

याहून पुढें जावयाचें असेल तर संस्था आहेत. कॉफी बोर्डाचें मुख्य ठाणें बंगलोर येथें असून भाजणें व पेय तयार करणें यांचा ‘कापी शास्त्र’ नांवाचा अल्पमुदतीचा वर्ग तें चालवीत आलें आहे. कॉफीच्या गुणपरीक्षेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमहि बोर्डानें ठेविला आहे. चिकमगळूर जिल्ह्यांतील बाळेहोन्नूर येथें १९२५ पासून चालत आलेली संशोधनसंस्था आहे. शेतीची बाजू समजून घ्यावयाची असेल त्यानें तिच्या प्रकाशनांकडे वळावें. ग्रंथांपैकीं विल्यम यूकर्स यांचा ‘ऑल अबाउट कॉफी’ हा १९२२ सालचा प्रचंड ग्रंथ आतां स्वामित्वमुक्त असल्यामुळें विनामूल्य वाचावयास मिळतो. इतिहासासाठीं तो अद्यापि उपयुक्त आहे. जेम्स हॉफमन यांचें २०१४ सालचें ‘द वर्ल्ड अ‍ॅटलास ऑफ कॉफी’ हें पुस्तक नवशिक्यास अधिक सोयीचें. याच गृहस्थांचीं बोलतीं चित्रेंहि फुकट पाहावयास मिळतात. हीं दोन्ही पुस्तकें इंग्रजींत आहेत, पण भाषा अवघड नाहीं. आणि पुण्यामुंबईस वा नागपूरला जाणें झालें तर तेथील एखाद्या भाजणाऱ्याच्या दुकानांत तासभर बसून, तो पाणी कसें ओततो, किती वेळ घेतो, हें पाहावें. समृद्धि महामार्ग जालना जिल्ह्यांतूनच जात असल्यामुळें नागपूर आतां पूर्वींइतकें दूर राहिलें नाहीं.

एवढी खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. जिभेचे लाड हें तिचें एकच कारण नव्हे. पिकलेलें फळच तोडावें, कच्चें झाडावर ठेवून दहा दिवसांनीं पुन्हां यावें, या कामास मजुरी अधिक लागते. ती शेतकऱ्यास परवडते ती केवळ फरक ओळखणारें गिऱ्हाईक असेल तरच. गिऱ्हाईक पिशवीवरील चित्राला भुललें कीं जास्तीचा पैसा जाहिरातीकडे जातो. तारीख, मळा व चव पाहून त्यानें खरेदी केली कीं त्यांतील कांहीं भाग चांगलें काम करणाऱ्यापर्यंत पोंचण्याची शक्यता असते. मोसंबीची बाग राखणाऱ्या आणि भावाची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटूं नये. पुढच्या खेपेस पिशवी हातीं आली म्हणजे पुढचें चित्र बाजूस ठेवून ती उलटी करावी आणि मागील बारीक अक्षरांतील तारीख प्रथम वाचावी.